पाण्याखालचं मैदान

आमच्या वाडीचं हुतूतूचं मैदान दिवसातून दोनदा समुद्रात बुडायचं आणि दोनदा वर यायचं. पुण्याच्या माझ्या विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी अलंकारिक बोलतेय. शाळेत भाषा शिकवलेली बाई, बोलायचीच. पण यात अलंकारबिलंकार काही नाही. रत्नागिरीच्या आसपास किनाऱ्याला सपाट जागा मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. वर सड्यावर कातळ, पडलात की गुडघ्याची साल निघालीच. उतारावर आंब्याची कलमं. त्याखाली भाताची खाचरं, हातरुमालाएवढी, आणि कापणी झाली की त्यांतही कुळीथ पेरलेला. मग राहिलं काय? पाणी मागे गेलं की उघडी पडणारी ओली पुळण. ती मात्र अशी घट्ट की बैलगाडीचं चाकसुद्धा रुतत नाही. आमच्या वाडीचे पहिले संघ तिथं खेळले.

खेळायचं कधी हे पंचांग ठरवायचं. बारशीला पाणी दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्यात मागे गेलेलं असतं, त्यामुळे सामने बारस-तेरशीला. रविवार आहे का, सुट्टी आहे का, हे विचारायची पद्धत नव्हती. पाणी सरू लागलं की काही गडी होडीतलं वल्हं घेऊन खाली उतरायचे आणि त्याच्या टोकाने वाळूत अंगणं आखायचे. एक अंगण जमिनीकडचं, एक समुद्राकडचं. बाजूच्या रेषा एकट्याने ओढल्या तरी चालत. मधली रेषा मात्र दोघांनी वल्ह्यावर भार टाकून ओढायची, चांगली बोटभर खोल चर पडली पाहिजे, म्हणजे खेळताना पायांनी मोडत नाही. मग खेळ, मग भरती, आणि सगळं पुसून पुन्हा कोरं.

माझे बाबा तरुणपणी त्या संघात चढाईला जायचे. ते म्हणतात, आम्ही एका मैदानावर दोनदा कधी खेळलोच नाही. लहानपणी हे ऐकलं की मी समुद्राकडे बघत बसायची. एवढा मोठा समुद्र आमच्या माणसांना खेळायला रोज जागा मोकळी करून देतो, याचं मला देवळातल्या देवापेक्षा जास्त नवल वाटायचं. आता माझी सत्तरी जवळ आली, तरी ते नवल कमी झालेलं नाही.

संघाला गणवेश हवा म्हणून सगळ्यांनी पांढरी बनियनं आणली आणि जाळी रंगवायच्या कढईत बुडवली. तेव्हा जाळी सुती असायची. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे. बनियनांना त्याच काढ्याचा तांबूस तपकिरी रंग आला आणि वासही तोच. बाबा सांगतात, समोरच्याने कवळ घालून धरलं तरी वासानेच सोडून द्यायचा. यात किती खरं, ते देव जाणे. खाडीपलीकडच्या वाडीचा संघ निळीत बुडवलेली बनियनं घालायचा. खाडीच्या या काठचे आम्ही अलतड, त्या काठचे ते पलतड.

पुढे जाण्याआधी खेडच्या संघाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. जगबुडी नदीच्या काठी मातीत खेळलेली ती दणकट मंडळी. एस.टी.ने सकाळीच येऊन उतरली आणि म्हणाली, आधी मैदान दाखवा. आमच्या लोकांनी त्यांना किनाऱ्यावर नेलं आणि लाटांकडे बोट केलं. ते म्हणाले, थट्टा कसली करता? आमचे म्हणाले, थट्टा नाही, मैदान तेच, दुपारी वर येईल. पाहुणे असे संतापले की परत एस.टी. थांब्याकडे निघाले. त्यांना हाताला धरून आणलं, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी आणि भात वाढला, आणि जेवणं होईपर्यंत पाणी हटायला लागलं होतं. ते सगळे रांगेत उभे राहून बघत राहिले. मग त्यांचा म्होरक्या खाली गेला, वाकून ओल्या वाळूला हात लावला आणि तो कपाळाला लावला. हरले ते. पण बाबा त्या माणसाचं नाव अजून आदराने घेतात.

हे सगळं आज आठवायचं कारण, वाडीच्या मंडळाची स्मरणिका. मंडळाचा चिटणीस माझा जुना विद्यार्थी. मिरजोळ्याला एका कारखान्यात कामाला आहे, आणि शाळेत निबंधाला कंटाळणारा हा मुलगा आता मला निबंध लिहायला लावतो, हा काळाचा महिमा. आता आमची पोरं बूट घालून मॅटवर खेळतात. जिल्ह्यात नाव आहे त्यांचं. तो म्हणाला, बाई, पहिल्या संघांचा इतिहास तुम्हीच लिहा, जुनी माणसं जायच्या आत. मी हो म्हटलं. जाताना दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, आणि त्या सामन्याचा निकाल काय तो एकदा लिहून टाका.

आमच्याकडे 'तो सामना' म्हटलं की कोणता, हे विचारावं लागत नाही. अलतड आणि पलतड यांच्यातला ढालीचा शेवटचा सामना. माझ्या जन्माच्या आधीचा. चढाईला बाबा गेले होते आणि त्यांना धरलं होतं माझ्या मामाने. म्हणजे पुढे जो माझा मामा झाला त्याने, कारण माझी आई पलतडची. सामन्याआधीच तिचा आणि बाबांचा साखरपुडा झालेला होता.

लहानपणी मी या सामन्याचे दोन निकाल ऐकले. घरी, अलतडला, सगळे सांगायचे की बाबा मधल्या रेषेला पोचले आणि आपण जिंकलो. मे महिन्यात तरीच्या होडीत बसून आजोळी गेले की तिथले सांगायचे, बाबा रेषेच्या अलीकडेच धरले गेले आणि पलतड जिंकलं. तर एवढीशी खाडी ओलांडली की निकाल बदलायचा. मला लहानपणी यात काही वावगं वाटलं नाही. आजोळी आमटीत कोकम जास्त असायचं, तसंच हे. पण तरीत मधोमध आले की मी मनात विचार करायची, इथं कोण जिंकलं असेल?

आता सामना. ऐकीव आहे, पण इतक्या तोंडून ऐकलाय की बघितल्यासारखा झालाय.

बारस होती. खेळ दोनला सुरू करायचा ठरला होता. ढाल देणारे मुंबईचे पाहुणे उशिरा आले, इथपर्यंत ठीक. मग मान देण्याची वेळ आली. पहिला नारळ कोणाच्या हाती द्यायचा? आमच्या वाडीत मानाची दोन घराणी, दोघांचाही पहिल्या नारळावर हक्क. शिवाय पलतडचे मानकरी पाहुणे म्हणून आलेले, त्यांना दुसरा नारळ दिला तर ते तिथूनच परत फिरणार. कोकणात माणूस उपाशी राहील, पण मान चुकलेला खपवून घेणार नाही. वाद सुरू झाला. आजे-पणजे निघाले. कोणत्या शिमग्याला कोणी पालखीला आधी खांदा दिला, तेही निघालं. आणि या सगळ्या वेळात दोन्ही गावांची यच्चयावत माणसं, ज्यांना झोपेतसुद्धा पाणी कधी फिरतं ते कळतं, समुद्राकडे बघत उभी होती. एकाने तोंड उघडलं नाही. कारण जो म्हणेल की पाणी येतंय, आवरा, तो कोणाचा तरी मान बुडवायला निघाला असं ठरणार. मला या गोष्टीचा राग येतो. हसूही येतं. पण जास्त करून नवल वाटतं, की भरतीला न घाबरणारी ही माणसं नारळाला किती घाबरत होती.

शेवटी तीन नारळ एकदम तीन हातांत देण्याची तोड निघाली. तोपर्यंत पाणी फिरलं होतं.

पहिला डाव कसाबसा निभावला. मध्यंतराला अंगणं बदलली आणि आमच्या संघाच्या वाट्याला समुद्राकडचं अंगण आलं. मागची रेषा लाटांनी आधीच खाल्ली होती. गडी घोटाभर पाण्यात उभे. गुण बरोबरीत, आणि पंचांनी सांगितलं, ही शेवटची चढाई. बाबा जमिनीकडे गेले. दम धरलेला, हुतूतूचा आवाज अखंड. त्यांनी दोघांना शिवलं आणि वळले. तेवढ्यात मामाने झेप घेऊन त्यांचा घोटा धरला. आता सगळं एवढ्यावर आलं: दम न तुटता बाबांचा हात मधल्या रेषेपलीकडे टेकला, तर अलतड जिंकलं. नाही टेकला, तर पलतड. बाबा आडवे झाले, हात पुढे, मामा घोट्याला लोंबकळलेला. आणि एक मोठी लाट वर चढली आणि दोघांच्या अंगावरून गेली.

पाणी मागे गेलं तेव्हा बाबांचा हात मनगटापर्यंत वाळूत रुतलेला होता. पण रेषाच नव्हती. दोघांनी भार टाकून ओढलेली ती चर वाळूने भरून गेली होती, आजूबाजूला पाटीसारखी कोरी पुळण. पंच खाली बसून वाळू चाचपत राहिले. तेवढ्यात पुढची लाट आली आणि सगळ्यांना वर पळावं लागलं. ढाल त्या दिवशी कोणालाच मिळाली नाही. पाहुणे ती परत मुंबईला घेऊन गेले.

आईला मी एकदा विचारलं होतं, तू तिथं बायकांत उभी होतीस ना, मग तुला काय दिसलं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, रेषेकडे कोण बघतंय, एकीकडे भाऊ, एकीकडे होणारा नवरा, दोघंही पाण्याखाली. मी डोकी वर येतात का ते बघत होते.

लग्न मोडता मोडता राहिलं. शेवटी दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं की लग्न होऊ दे, पण या दोघांनी एकमेकांसमोर त्या सामन्याचा विषय काढायचा नाही. आणि त्यांनी तो खरोखर काढला नाही. मामा भाऊबीजेला यायचा, बाबा बोटीवरच्या नोकरीतून रजेवर आले की पलतडला जायचे. बोलणं आंब्याच्या मोहोराचं, पावसाचं, गुडघेदुखीचं. आधी मैदानावर एकमेकांना अरे-तुरे करणारे हे दोघं, लग्नानंतर 'भावोजी, तुम्ही' आणि 'दादा, तुम्ही' असे बोलायला लागले. आपापल्या काठावर मात्र दोघंही आपापला निकाल ठासून सांगत राहिले.

बाबा आता नव्वदीला टेकलेत. तारुण्यात जगभर बोटीवर हिंडले, आता घरापासून रस्त्यापर्यंतची जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढायची तर तीन ठिकाणी बसतात. छातीत जोर राहिलेला नाही. दिवसभर पडवीत खाटेवर असतात आणि समुद्र बघतात. मी स्मरणिकेचं लिहितेय हे कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला. रोज विचारायचे, तो सामना आला का लिहिण्यात? एकदा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "बाय, जिंकलो असं एकदा छापून येऊ दे. मग मी मोकळा."

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. पण आयुष्यभर मुलांना शिकवलं की ठाऊक नसेल ते ठामपणे लिहू नका, आता मी कशी लिहू? आणि नाही लिहिलं तर बाबांना काय तोंड दाखवू? शेवटी ठरवलं, पलतडला जायचं. जगात त्या लाटेखाली दोनच माणसं होती. एकाचं म्हणणं मी रोज ऐकत होते.

आता खाडीवर पूल आहे. रिक्षाने गेले. मामा अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होता, या वयातही कमरेत वाकून. मी इकडचं तिकडचं बोलले, चहा झाला, आणि मग धीर करून सगळं सांगितलं. बाबांची तब्येत, स्मरणिका, त्यांची इच्छा. मामा बराच वेळ बिया चाळवत राहिला. मला वाटलं, आता उठून आत जाईल. इतक्या वर्षांचा नियम मी मोडला होता.

मग तो म्हणाला, "लिही. पोचला व्हता तो."

मला आधी कळेचना काय बोलतोय. तो सांगायला लागला, तेही माझ्याकडे न बघता. एक हात बाबांच्या घोट्यावर होता. लाट आली तेव्हा दुसरा हात वाळूत रोवायला गेला, तर बोटं चरीत गेली. वल्ह्याच्या चरीत. पाण्याखाली डोळे मिटलेले, पण बोटांना चर कळते. आणि तो दुसरा हात बाबांच्या कमरेपाशी होता. म्हणजे बाबांचं अर्धं अंग रेषेच्या पलीकडे गेलेलं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस? तो म्हणाला, वर आलो तर सगळं पलतड माझ्या नावाने ओरडत होतं, खांद्यावर घेतलं मला, आता त्यांना काय सांगू? आणि मग विषयच काढायचा नाही असं ठरलं. ते बरंच झालं म्हणाला. निघताना त्याने मला पिशवीभर काजू दिले आणि बजावलं, गावातले शिव्या देतील ते मी बघतो, तू लिही.

परतताना पुलावर मी रिक्षा थांबवायला लावली. खाली ओहोटीचं पाणी मागे चाललं होतं आणि कडेची वाळू उघडी पडत होती. रिक्षावाला विचारत होता, बाई, बरं वाटत नाही का? बरंच वाटत होतं. जे आपलंच आहे असं गाव मानतं, ते या वयात उठून दुसऱ्याला देऊन टाकणारा माणूस मी नुकताच बघून आले होते. तो माझा मामा होता, आणि मी आजवर त्याला नुसता काजू आणि भाऊबीज एवढ्यातच ओळखत होते.

घरी येऊन मी चप्पलसुद्धा न काढता बाबांना सांगितलं. मला वाटलं, आनंदाने उठून बसतील. ते पडूनच राहिले. एकदाच विचारलं, कमरेपाशी चर लागली म्हणाला? मी हो म्हटलं. दुपारी जेवले नाहीत. आई म्हणाली, हर्षवायू झाला असेल, राहू दे. संध्याकाळी ते खाटेवर पाय खाली सोडून बसले आणि समुद्राकडे बघत राहिले. मला भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. लिहिलंस का, विचारलं. मी म्हटलं, आता बसतेच लिहायला. ते म्हणाले, थांब.

"माझा दम तुटला व्हता," बाबा म्हणाले. "लाट तोंडावर आली आणि एक घोट आत गेला. आधी दम गेला, मग हात पोचला."

पडवीत दुसरं कोणी नव्हतं. मी खाटेच्या कडेला बसले. लाटेच्या आवाजात हुतूतू थांबलं हे पंचांना ऐकू येणंच शक्य नव्हतं. दोन्ही गावं इतकी वर्षं रेषेवरून भांडली. हात कुठं होता, रेषा कुठं होती, कोण किती पुढं होतं. दमाचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. मी हेच बोलले. बाबा म्हणाले, "रेषेला पोचलास काय, म्हणून विचारायचे. पोचलो व्हतो, म्हणून हो म्हटलं. दमाचं कोणी विचारलंच नाय."

मला राग आला. काल मी पलतडला जायच्या आधी सांगता आलं नसतं? महिनाभर 'जिंकलो छाप' म्हणून मागे लागलात ते काय म्हणून? बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तोपर्यंत माझ्या मनाशी मी जिंकलेलोच होतो, घोटभर पाण्याने काय होतंय, असं मी मला समजावलं होतं. पण त्याने त्याचा डाव मला दिला. आता मी गप्प राहिलो तर चोरी होईल. एवढं बोलायलाही त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं. छाती वरखाली होत होती.

मग म्हणाले, "हरलो असं लिही."

माझा राग तिथंच विरघळला. मी त्यांच्याकडे बघत बसले. वाळलेले हात, घशाशी सैल पडलेली कातडी, आणि हा माणूस आयुष्यभर हवी असलेली गोष्ट मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी परत करत होता. यांच्या घरात जन्मून मी यांना कधी नीट बघितलंच नव्हतं, असं वाटलं.

मी तसं लिहिलं. चिटणीस वाचून पांढराफटक पडला. म्हणाला, बाई, वाडी मला जिवंत ठेवायची नाही. मंडळाच्या बैठकीत गदारोळ झाला. ज्यांचे आजोबा त्या दिवशी नुसते बघायला उभे होते, ती पोरं सर्वांत जास्त तावातावाने बोलली. शेवटी बाबांनी निरोप पाठवला की चढाईला मी गेलो होतो, दम माझा होता, तुमच्यापैकी कोणाचा असेल तर त्याने बोलावं. स्मरणिका छापून आली. बाबांनी चष्मा लावून ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उशाशी ठेवलं. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली, असं आई म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी वर रस्त्यावर रिक्षा वाजली. बघते तर मामा. काठी टेकत पाखाडी उतरत होता, काखेत स्मरणिका, चेहरा लाल. मी पुढे झाले तर मला बाजूला सारून सरळ पडवीत गेला. नमस्कार नाही, पाणी नाही. बाबांच्या खाटेवर पायथ्याशी बसला आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर टाकलं.

म्हणाला, हे काय छापलंय? बाबा म्हणाले, खरं ते छापलंय, माझा दम तुटला होता. मामा म्हणाला, पाण्याने तुटलेला दम तुटला असं धरायचं नसतं. पाणी काय पलतडचा गडी होतं? बाबा म्हणाले, दम तो दम, कशाने का तुटेना. मामा म्हणाला, उद्या पंचाच्या शिंकेने तुटला तर? बाबा म्हणाले, तरी तुटलाच. आवाज वाढत गेले. आई आतून चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. आमच्या घरात त्या सामन्याबद्दल या दोघांचं बोलणं ती पहिल्यांदा ऐकत होती. ती मला हळूच म्हणाली, "भांडण तेच, नुसती अंगणं बदलली."

मामाने बाबांच्या पायावरची चादर बाजूला केली. "इथं धरला व्हता तुला," तो म्हणाला, "असा. आणि तू पुढं गेलास. मला सांगतोस?"

लग्नानंतर पहिल्यांदा तो बाबांना 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. बाबा हसायला लागले, हसता हसता त्यांना दम लागला, आणि दम लागला तरी मान हलवून नाही, नाही म्हणत राहिले. मामा त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत थांबला. त्याचा हात अजून त्यांच्या घोट्यावरच होता, आणि बाबांनी पाय सोडवून घेतला नाही.